भिजलेली त्रेसष्ट पुस्तकं

इतवारा, बुऱ्हाणपूर
१२ डिसेंबर १९५६

गुरुजी, नमस्कार.

पत्र निर्मलाचं आहे, हे पाकिटावरच्या अक्षरावरून तुम्ही ओळखलंच असेल. ते अक्षर तुम्हीच वळण लावून सुधारलेलं. जळगावला लेकीकडे, मंगलाताईंकडे तुम्ही सुखरूप पोहोचलात, असं आपल्या पुस्तकं बांधणाऱ्या सुपडूकडून कळलं. तुमची ट्रंक त्यानंच स्टेशनवर नेली होती. मला त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

लिहू की नको यात जवळजवळ महिना गेला. शेवटी एक अडचण आली आणि तिचं निमित्त मिळालं. वाचनालयाच्या माळ्यावरच्या जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांवर तुम्ही लाल आणि निळ्या खुणा केल्या आहेत. त्यांचा अर्थ मला ठाऊक नाही. पाच वर्षं तुमच्या हाताखाली काम केलं, पण हे विचारायचं राहून गेलं. दोन ओळींत कळवलंत तरी चालेल.

कमिटीच्या सभेत जे झालं ते तुमच्यासमोरच झालं. तरी माझ्या बाजूनं ते कसं होतं, तेवढं लिहिते. नवं राज्य झालं, नागपूर आपल्यापासून तुटलं, आपले कागद आता भोपाळला जाणार. इथल्या शाळांतून मराठी हळूहळू जाईल, आपल्या पुस्तकांना विचारणारं कुणी राहणार नाही, म्हणून चार हजार मराठी पुस्तकं मालगाडीनं जळगावला न्यावीत, असा ठराव तुम्ही मांडलात. गजाननशेठना हिंदी पुस्तकांसाठी कपाटं हवीच होती. ते म्हणाले, "गुरुजी बिल्कुल बरोबर बोलतात. जिथं वाचणारे, तिथं पुस्तक." बाकीचे माना हलवत होते. ठराव झाल्यातच जमा होता.

मग मी उठले. देवघेवीची वही उघडली आणि मागच्या तीन महिन्यांत मराठी पुस्तक कुणी कुणी नेलं त्यांची नावं वाचत गेले. मिलमधले विणकर, बहादरपूरचे केळीवाले, शनिवारा पेठेतल्या बायका, उर्दू शाळेतले दोन मास्तर. वही तुमची, नोंदी तुमच्या हातच्या, आणि वाचत होते मी. ठराव दोन मतांनी पडला. तुम्ही किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवलात आणि जिना उतरून गेलात.

मी पुस्तकांची बाजू घेतली, गुरुजी. तुमच्याविरुद्ध मी गेले नाही. एवढंच सांगायचं होतं.

सध्या कमिटीनं काम माझ्यावर सोपवलं आहे. तब्येतीला जपा.

निर्मला

*

भोपाळ
३ जून १९५७

गुरुजी,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. आलं असतं तर मलाच आश्चर्य वाटलं असतं.

कमिटीनं मला इथं सहा आठवड्यांच्या ग्रंथालय वर्गाला पाठवलं आहे. आम्ही चोवीस जण आहोत, त्यात बायका तिघी. मध्यभारतातले आहेत, विंध्य प्रदेशातले आहेत, छत्तीसगडातले आहेत, खुद्द भोपाळचे आहेत. कालपरवापर्यंत चार वेगळ्या राज्यांतले लोक एका बाकावर बसतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याकडचीच पद्धत सरकारी होणार. जेवणाच्या सुट्टीत यावरून रोज वाद. माझी हिंदी ऐकून रीवाचे एक गृहस्थ आधी हसायचे. आता हसत नाहीत. का, ते सांगते.

परवा सरांनी प्रत्येकाला विचारलं, "तुमच्या वाचनालयात एखादी अशी गोष्ट आहे का, जी दुसरीकडे नाही?" कुणी इमारत सांगितली, कुणी राजेसाहेबांनी दिलेली झुंबरं. माझी पाळी आली तेव्हा मी तुमची 'न मिळालेलं' वही सांगितली. वाचकानं मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, असं प्रत्येक पुस्तक त्यात वाचकानं स्वतःच्या हातानं लिहायचं. लिहिता येत नसेल तर आपण लिहायचं. आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती वही पहिल्या पानापासून वाचायची. नुसती त्या महिन्याची पानं नाहीत, पहिल्या पानापासून. मला त्या वाचनाचा किती कंटाळा यायचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. एकदा मी म्हटलंही होतं की जुनं कशाला, ते लोक आता येतसुद्धा नाहीत. तुम्ही म्हणालात, "ते का येत नाहीत, हेच तर वाचायचं."

सरांनी मला हे फळ्याजवळ उभं राहून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "ही पद्धत तुम्ही सुरू केलीत?" मी म्हटलं, "नाही, माझ्या गुरुजींनी. ते कुठल्याही वर्गाला गेले नव्हते." सर म्हणाले, "मग आपण त्यांच्या वर्गाला बसलोय असं समजा."

त्या क्षणी मला फार बरं वाटलं आणि लगेच फार वाईट वाटलं. वाईट वाटण्याचं कारण आज लिहीत नाही. वर्गाची घंटा होते आहे.

इथं कार्डांची सूची शिकवतात, पुस्तकांना विषयवार द्यायचे दशांशाचे आकडे शिकवतात, कपाटं उघडी ठेवावीत असं शिकवतात. कपाटं उघडी हे तुम्हाला पटणार नाही. मला पटलं आहे.

निर्मला

*

इतवारा, बुऱ्हाणपूर
९ फेब्रुवारी १९५८

गुरुजी,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

भोपाळहून आल्यावर मी कपाटांची कुलपं काढली. लोक स्वतः पुस्तक हातात घेऊन बघायला लागले. हिंदी आणि मराठी मी विषयवार शेजारी शेजारी लावली. शेतीची दोन्ही भाषांतली एकत्र, चरित्रं एकत्र. वाचक वाढले. मी खूश होते, आणि खरं सांगते, माझा आवाजही वाढला. सुपडू तुमच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. पण मी त्याला "असं नाही, तसं" म्हणत दिवसभर मागे लागायची. भोपाळला शिकून आले होते ना.

जानेवारीत त्यानं बहादरपूरच्या शाळामास्तरांना मोठा शब्दकोश रविवारपुरता घरी नेऊ दिला. तो बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा नियम. मास्तरांनी सोमवारी आणूनही दिला, जसाच्या तसा. पण मला कळलं तेव्हा हॉल वाचकांनी भरला होता आणि मी सगळ्यांसमोर सुपडूला बोलले. "हे काय तुमच्या घरचं दुकान आहे?" असं म्हटलं मी. त्यानं बांधणीच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

तीन आठवडे तो आला नाही. आधी मला वाटलं, येईल. मग वाटलं, नाही आला तर दुसरा बघू. पण वाचक विचारायला लागले, "सुपडूदादा कुठं आहेत?" कुणाला कुठलं पुस्तक आवडेल, हे कार्डावर नसतं, ते त्याला ठाऊक होतं. शेवटी मी बहादरपूरला गेले. तो भावाच्या केळीच्या बागेत बसला होता. मला बघून उठला, सतरंजी झटकून दिली, भावजयीला चहा टाकायला सांगितलं. मी म्हटलं, "सुपडूदादा, मी जास्त बोलले. परत या."

तो म्हणाला, "चूक माझीच व्हती बाई. मी नाही कुठं म्हनतो? पन एक सांगा. टाकीचा नळ उघडा ठेवून कोन गेलं व्हतं?"

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"मले ठाऊक हाये. गुरुजींलेबी ठाऊक व्हतं. त्यांनी तुमचं नाव कमिटीत घेतलं का? तुमी माझं भर हॉलात घेतलं."

गुरुजी, आता ते लिहिते जे मी गेल्या दोन पत्रांत लिहिलं नाही.

त्रेपन्न सालच्या त्या शनिवारी गच्चीवरच्या टाकीचा नळ बंद करायचं काम माझं होतं. मी विसरले. रविवारी वाचनालय बंद. पाणी भिंतीतून उतरत उतरत खालच्या कपाटात गेलं आणि त्रेसष्ट पुस्तकं भिजली. सोमवारी सकाळी तुम्ही मला आत बोलावलंत, दार लावून घेतलंत आणि म्हणालात, "आता रडायचं नाही. टीपकागद आण." अकरा दिवस आपण दोघं पानापानात टीपकागद घालत बसलो. एकेचाळीस पुस्तकं वाचली, बावीस गेली. आणि कमिटीला तुम्ही सांगितलंत, "नळ माझ्याकडून राहिला." मी विचारलं होतं, असं का केलंत? तुम्ही म्हणालात, "तू नवी आहेस. आत्ता तुझं नाव लागलं तर पुढची दहा वर्षं पुस्तकाला हात लावताना तुझा हात थरथरेल. माझं काय, माझा हात आता थरथरत नाही."

आणि छप्पन्नच्या त्या सभेत, मी वही वाचून खाली बसले, तरीही ठराव पडणार नव्हता. त्याच्या बाजूनं अजून दोन मतं जास्त होती. तेव्हा अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले, "ज्यांच्या हलगर्जीपणानं त्रेसष्ट पुस्तकं भिजली, त्यांच्या हवाली चार हजार पुस्तकं करून मालगाडीत भरायची का?" लोक हसले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही, क्षणभरच. मला उठून एक वाक्य बोलायचं होतं: नळ मी उघडा ठेवला होता. मी नाही बोलले. कारण मला दिसत होतं की त्या एका टोमण्यानं दोन मतं फिरली आहेत आणि पुस्तकं वाचताहेत. आणि दुसरं कारण, मला भीती वाटली. दोन्ही खरं आहे. कुठलं जास्त खरं, ते मी अजून ठरवू शकले नाही.

पुस्तकं इथं राहिली हे बरोबर झालं, असंच मला आजही वाटतं. पण ती तुमच्या नावावर डाग लावून राहिली.

सुपडू परत आला आहे. मी हॉलमध्ये, वाचकांसमोर त्याची माफी मागितली. तो ओशाळून म्हणाला, "बास, बास, बाई, लोकं वाचून राह्यलेत." माळ्यावरच्या खुणांचा अर्थही त्यानंच सांगितला. लाल म्हणजे पुन्हा मिळणार नाही, निळी म्हणजे कुणाच्या तरी आठवणीसाठी दिलेलं. सव्वा वर्ष तो मला हे सांगू शकत होता. मी त्याला विचारलंच नव्हतं.

आता पुढच्या सभेत मला काय करायचं आहे, ते तुम्ही ओळखलं असेल.

निर्मला

*

इतवारा, बुऱ्हाणपूर
२४ मार्च १९५८

गुरुजी,

काल सभा झाली. मी लेखी निवेदन दिलं आणि ते वाचूनही दाखवलं.

घरून विरोध होता. हे म्हणाले, "पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुजी तिकडे, पुस्तकं इकडे, कुणाचं काही अडलंय का? तुझी जागा जाईल." रात्रीचं जेवण होईपर्यंत हे रागात होते. सकाळी मात्र माझ्या निवेदनातली शुद्धलेखनाची एक चूक यांनीच दुरुस्त करून दिली. मास्तरच शेवटी.

वाचून झाल्यावर वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गजाननशेठ म्हणाले, "बाई, ये बात उसी दिन बोलनी थी. त्या दिवशी बोलला असता तर मला हवा होता तो ठराव झाला असता." मी म्हटलं, "हो शेठ, झाला असता." ते म्हणाले, "मग आज कशाला सांगता? आज सांगून तुम्हाला काय भेटणार?" मी म्हटलं, "गुरुजींचं नाव परत मिळेल."

एका सभासदानं मला काढून टाकावं असं सुचवलं. कमिटीला खोट्यात ठेवणाऱ्या बाईच्या हाती वाचनालय कसं द्यायचं, असं ते म्हणाले. प्रश्न चुकीचा नव्हता. मला बाहेर बसायला सांगितलं. मी जिन्याच्या पायरीवर बसले. सुपडू शेजारी येऊन बसला. एका पुस्तकाची पाठ शिवत होता, शिवतच राहिला. मला धीर वगैरे काही दिला नाही. तो तिथं बसला होता, हेच खूप होतं.

अर्ध्या तासानं आत बोलावलं. ठराव असा: त्रेपन्न सालच्या नुकसानीची नोंद दुरुस्त करून गिरधर गुरुजींचं नाव त्यातून काढावं आणि माझं घालावं. मला ताकीद. ग्रंथपाल हे पद एक वर्ष मिळणार नाही, तोवर मी कामचलाऊ. आणि तुम्हाला कमिटीतर्फे माफीचं पत्र जावं. हे शेवटचं कलम गजाननशेठनी सुचवलं. वकीलसाहेबांनी ते स्वतःच्या हातानं लिहायचं कबूल केलं. "तो शब्द माझा होता, तर पत्रही माझंच जाईल," असं म्हणाले.

नोंदीत माझं नाव मी स्वतः लिहिलं. हात थरथरला नाही. तुमच्यामुळे.

तुम्ही उत्तर द्यावं म्हणून हे लिहीत नाही. राग धरायचा तुमचा हक्क आहे. तुम्ही मला अकरा दिवस शेजारी बसवून टीपकागद घालायला शिकवलंत, त्या अकरा दिवसांवर माझं सगळं उभं आहे, एवढं तुमच्यापर्यंत पोहोचावं.

निर्मला

*

इतवारा, बुऱ्हाणपूर
१९ जानेवारी १९५९

गुरुजी,

मागच्या शनिवारच्या आदल्या शनिवारी तुम्ही येऊन गेलात आणि मी अजून त्यातून बाहेर आले नाही. तुम्ही आलात तेव्हा मी नव्हते, म्हणून माझ्या गैरहजेरीत काय झालं ते मालूबाईकडून ऐकलं आणि तिच्या शब्दांत सांगते.

मालूबाई आमची नवी मदतनीस. देडतलाईची. आपण तिकडे दर पंधरवड्याला मोटारीनं चाळीस पुस्तकांची पेटी पाठवतो. तिथल्या बाजाराच्या दिवशी ही बाई पेटीशी बसून लोकांना पुस्तकं काढून द्यायची, कुणी सांगितलेलं नसताना. सातवी झालेली. मी कमिटीकडे तिच्यासाठी आठ महिने भांडले. आता तिला पुढच्या वर्षीच्या भोपाळच्या वर्गाला पाठवायचं आहे.

ती सांगते: "एक आजोबा आले. धोतर, काळा कोट. कपाटांकडे बराच वेळ बघत उभे राह्यले. मग एक पुस्तक घेऊन म्हनाले, हे घरी नेऊ का? मी म्हटलं, सभासद आहात का? म्हनाले, नाही. मी म्हटलं, मग इथं बसून वाचा, घरी न्यायला मिळनार नाही. ते म्हनाले, अगदी बरोबर. आणि बसले."

सुपडू बांधणीचं सामान आणायला गेला होता, म्हणून तुम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. तुम्हीही सांगितलं नाहीत. दोन तास बसलात.

मी देडतलाईहून पेटी घेऊन आले, दारात पेटी टेकवली आणि तुम्ही दिसलात. तुम्ही पुस्तकातून मान वर न काढता म्हणालात, "चिठ्ठ्या पाठीवर फार वर लावल्यास. पुस्तकाचं नाव झाकलं जातं. दोन बोटं खाली घे."

मी म्हटलं, "घेते."

मग तुम्ही वर बघितलंत. म्हणालात, "पहिली दोन पत्रं मी उघडली नाहीत. तिसरं मंगलानं उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. मी तिला थांब म्हटलं नाही. कमिटीचं पत्र आलं, तेही तिनंच वाचलं."

"राग गेला का गुरुजी?"

"नाही. थोडा आहे अजून." तुम्ही पानात बोट ठेवून पुस्तक मिटलंत. "या वयात सगळंच सावकाश होतं."

मला हसू आलं आणि रडूही. तुम्ही मला दोन्ही करू दिलंत. मग तुम्ही हॉलकडे हात केलात. "बसल्यापासून मोजतोय. एकोणीस माणसं आली. एक पोरगी हिंदी पुस्तक घ्यायला आली होती, शेजारचं मराठी उघडून उभी राहिली, मग दोन्ही घेऊन गेली. मी ही पुस्तकं उचलून नेणार होतो, निर्मला. मला वाटलं होतं, आपल्यानंतर इथं त्यांचं कुणी नाही. माझी समजूत चुकली, हे डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून आलो. बघून बरं वाटलं. चुकल्याचं इतकं बरं वाटेल, हे ठाऊक नव्हतं."

सुपडू आला तेव्हा काय झालं, ते लिहीत नाही. तुम्ही दोघांनी माझ्याकडे पाठ केली होती, ती मला काही दिसू नये म्हणूनच.

जाताना तुम्ही म्हणालात, "मला सभासद करून घे."

मी म्हटलं, "नियमात फक्त गावातले आणि आसपासचे रहिवासी बसतात. पण तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी नियम मोडू नकोस. बदलायचा असेल तर कमिटीत बदल." आणि हातातलं अर्धं वाचलेलं पुस्तक तुम्ही मालूबाईच्या टेबलावर ठेवून पॅसेंजर गाठायला निघालात.

काल रविवारी सभा होती. मी ठराव मांडला की पूर्वी या वाचनालयात काम केलेल्या कुणालाही, ते कुठल्याही गावात, कुठल्याही राज्यात राहत असले तरी सभासद होता यावं. अनुमोदन वकीलसाहेबांनी दिलं. गजाननशेठ म्हणाले, "इस में चर्चा की क्या बात है?" एकमतानं झाला.

गुरुजी, तुमचा सभासद क्रमांक सहाशे चौदा. ते पुस्तक मालूबाईनं तुमच्या नावानं वेगळं काढून ठेवलं आहे. मी तिला म्हटलं, जळगावला टपालानं पाठवून देऊ. ती म्हणाली, टपालानं पुस्तक द्यायचा नियम नाही बाई, आजोबांना यावं लागेल.

मी तिच्याशी वाद घातला नाही. सुपडू शनिवारी स्टेशनवर येईल.

तुमची
निर्मला